नलूताईंची बस्सीची फेरी

मोटार विम्याच्या नोकरीत माणसाची नजर बिघडते. समोरून गाडी आली की आधी तिचा चेपलेला पत्रा दिसतो, आतली माणसं मागाहून. सांगलीहून बढतीवर जयपूरला आले तेव्हा मी या कामात चांगली मुरलेली होते. त्यामुळे मालवीय नगरच्या आमच्या गल्लीत, समोरच्या पोर्चमधली ती तीसेक वर्षांची पांढरी छोटी गाडी पाहिली आणि मनातल्या मनात तिला भंगारात काढून मोकळी झाले. तेवढ्यात गाडीखालून आवाज आला, "भैया, वो दस का पाना देना." आजूबाजूला भैया कोणी नव्हता. मी "अगंबाई" म्हणत खाली वाकले, तर खालून पुढचं फर्मान निघालं, "मराठी का तू? बरं झालं. तो दहाचा पाना दे, अन् सकाळपासून काय खाल्लं ते सांग."

डॉ. नलिनी पिंपळखुटे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्यांचं आडनाव जयपूरमध्ये कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून गल्ली त्यांना "डॉक्टर साब" म्हणायची. मी नलूताई म्हणू लागले.

काय खाल्लं हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या. दूधवाल्याला, मीटर वाचायला येणाऱ्याला, एकदा तर मत मागायला आलेल्या उमेदवारालासुद्धा. जन्मभर त्यांनी भूल देण्याचं काम केलं होतं आणि भूल द्यायच्या आधी पेशंटच्या पोटात काय आहे हे कळावंच लागतं. निवृत्ती आली, प्रश्न काही गेला नाही. मी एकटीच राहत होते. मुलाची बारावी म्हणून घरचे सांगलीलाच होते. "चहा-बिस्किट" असं खरं उत्तर दिलं की अर्ध्या तासात गोळाभाताचं पातेलं दारात यायचं. पुढे पुढे मी मुद्दाम खरं उत्तर द्यायला लागले.

सत्तरी ओलांडलेली, बुटकी, काटक बाई. माहेर-सासर दोन्ही नागपूरचं, जयपूरला येऊन चाळीस वर्षं होऊनही बोलण्यातलं नागपूर जराही पातळ झालेलं नव्हतं. रविवारी सकाळी त्या नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट अंगातल्या कपड्यांवरून उलटा घालायच्या, बटणं पाठीवर. डोक्याला ऑपरेशन थिएटरमधली हिरवी टोपी. मग गाडीचं बॉनेट उघडायचं. काढलेला प्रत्येक नटबोल्ट स्टीलच्या ताटात ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडायचा, आणि ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत जायचा. ताटाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आणि हे सगळं चाललेलं असताना तोंडाने इंजिनाशी बोलणं सुरू. "आता थोडं थंड लागन हं. घाबरायचं नाही. झालंच."

मी एकदा म्हटलं, "ताई, बोल्टला ऐकू येतं का?"

"भूल दिलेल्या माणसाले तरी कुठं येते? पण बोललं की आपला हात हळू चालते," त्या म्हणाल्या.

पाने-पकडी हातात यायलाही दवाखानाच कारण झाला होता. बस्सीला सरकारी दवाखान्यात त्यांनी बारा-चौदा वर्षं काढली. बस्सी म्हणजे जयपूरपासून आग्रा रोडने तासाभरावरचं गाव. तिथलं भूल द्यायचं यंत्र जुनं होतं, बिघडलं की दुरुस्त करणारा माणूस जयपूरहून यायचा, आणि तो यायचा त्याच्या सवडीने. एकदा एका बाळंतिणीला टेबलावर घेतलं आणि यंत्राचा व्हॉल्व्ह अडकला. सर्जन कपाळाला हात लावून उभा राहिला. नलूताईंनी नर्सच्या हाती श्वासाचा फुगा दिला, दाबत राहा म्हणाल्या, आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन यंत्रापुढे बसल्या. हा किस्सा सांगताना त्या दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या, "मशीन बंद पडलं म्हणून पेशंट काही श्वास थांबवून थोडी बसते." पुढे दवाखान्याचा जनरेटर, पाण्याचा पंप, सगळं त्यांच्याकडेच यायला लागलं. त्यांनाही ते आवडलं असणार. त्या नाही म्हणायच्या, पण बॉनेट उघडताना त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे.

त्यांचे यजमान मधुकरराव, म्हणजे काका, केंद्र सरकारच्या नोकरीतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उंच, देखणे, अतिशय सभ्य. मी जयपूरला आले त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून त्यांची स्मृती जायला लागली होती. माझं नाव त्यांना रोज नव्याने सांगावं लागे आणि रोज ते तेवढ्याच आदबीने नमस्कार करत. पण पाच वाजत आले की या माणसात वेगळीच हुशारी यायची. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून ते पोर्चमध्ये येऊन उभे राहायचे आणि नलूताईंना म्हणायचे, "मॅडम, गाडी काढा. मिसेसला आणायला बस्सीला जायचंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करताहेत. नलूताईंनी शांतपणे दार उघडलं, "बसा साहेब," म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तूही चल. हवा खाऊन येशीन."

त्या दिवशी मी मागच्या सीटवर बसून जे पाहिलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं बोल्टचं पुराण कशासाठी ते कळायचं नाही. नलूताई बस्सीला सकाळी बसने जायच्या, पण ऑपरेशनं लांबली की परतीची बस चुकायची. म्हणून काका ऑफिस सुटलं की हीच गाडी घेऊन त्यांना आणायला जायचे. बारा-चौदा वर्षं, रोज. आता काकांच्या डोक्यातून बाकीचं सगळं पुसत चाललं होतं आणि ही एक फेरी शिल्लक होती. घरातल्या म्हाताऱ्या बाई कोण हे त्यांना उमगत नव्हतं. त्या कुणीतरी मॅडम, भल्या आहेत, गाडी चालवतात. बायको बस्सीला आहे आणि तिला आणायचं आहे, एवढं मात्र पक्कं.

वाटेतलं कानोता गाव येईपर्यंत काका मॅडमना आपल्या बायकोबद्दल सांगत होते. "आमची मिसेस फार हट्टी आहे. पण हाताला यश आहे हो तिच्या."

"असं का?" नलूताई म्हणाल्या.

"स्वयंपाकात लक्ष नाही. मी काही बोलत नाही."

"बोलत जा न. चांगलं असते बोललेलं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. हसावं की काय करावं कळेना. बस्सीला दवाखान्याच्या फाटकापाशी नलूताईंनी कडुनिंबाखाली गाडी उभी केली, डिकीतून एक जुनी कातडी बॅग काढली आणि फाटकातून आत गेल्या. दोन मिनिटांनी तीच बॅग खांद्याला लावून, जरा भरभर चालत, बाहेर आल्या. काकांनी त्यांना लांबूनच पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हा शब्द मी सहसा वापरत नाही, पण दुसरा नाही. "आलीस नलू? ये, दमली असशील." नलूताई म्हणाल्या, "आज मी चालवते, तुम्ही बसा निवांत." मॅडम कुठे गेल्या हे त्यांनी विचारलं नाही. परतीचा तो तासभर त्या गाडीत एक नवरा आणि एक बायको होती. घरी येऊन काका पायरी चढले की पुन्हा मॅडम.

मुलाने बेंगळुरूहून येऊन नवी कोरी, गिअर नसलेली गाडी घेऊन दिली होती. काका तिच्यात एकदाच बसले. जवाहर सर्कलपाशी मुलालाच विचारलं, "भैया, कितना हुआ?" आणि दार उघडून उतरायला लागले. ती गाडी नलूताईंनी विकून टाकली. मुलगा रागावला. आईने जुन्या डब्याचा नाद सोडावा, बाबांना घेऊन बेंगळुरूला यावं, हे त्याचं म्हणणं काही वावगं नव्हतं. पण नलूताईंनी त्याला फोनवर एवढंच विचारलं, "तू सकाळपासून काय खाल्लं?"

मे महिन्यात ती जुनी गाडी आग्रा रोडवर तापली. कसंबसं घरी आणलं. पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट अडकला होता. भाग तसा किरकोळ, तो इंजिनावर एका झाकणाखाली बसतो आणि झाकण दोन बोल्टवर. दुसऱ्या दिवशी दुपारी नलूताई कामाला लागल्या. एक बोल्ट निघाला. दुसरा वर्षानुवर्षं पाणी मुरून आत गंजलेला होता. असल्या बोल्टला काय करायचं हे त्यांनीच मला शिकवलेलं: तेल पाजायचं, थांबायचं, हळूहळू ठोकायचं, ऊब द्यायची, पुन्हा थांबायचं. पण पाच वाजत आले होते आणि काका भांग पाडून पोर्चमध्ये येऊन उभे होते. "मॅडम, उशीर होतोय. ती उन्हात उभी असेल." असं ते तीन-चारदा म्हणाले असतील. नलूताईंनी पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप चढवला आणि जोर केला.

कडकन आवाज झाला. बोल्टचं डोकं पान्यात आलं, धड इंजिनातच राहिलं. बाहेर डोकावत होता तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा.

नलूताई खाली फरशीवर बसल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "पेशंट झोपायच्या आधी चीर दिली मी. पंचेचाळीस वर्षांत असं केलं नव्हतं."

त्या संध्याकाळी आम्ही टॅक्सीने बस्सीला गेलो. काका कुरकुरत बसले. नलूताई नेहमीसारख्या बॅग घेऊन फाटकातून आत गेल्या, बाहेर आल्या, भरभर चालत टॅक्सीपाशी आल्या. काकांनी त्यांच्याकडे सभ्यपणे पाहिलं, सरकून जागा केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, इनको भी जयपूर जाना है शायद. बिठा लो." आणि मग सबंध रस्ताभर मागे वळून वळून फाटकाच्या दिशेने बघत राहिले. नलूच राहिली होती ना मागे. नलूताई शेजारीच बसल्या होत्या, बॅग मांडीवर धरून. 

सकाळी रामअवतारजी आले. प्रताप नगरला त्यांचं गॅरेज. गेली पंचवीस वर्षं त्यांचं आणि नलूताईंचं एकमेकांशिवाय पान हलत नव्हतं आणि एकही गोष्ट एकमताने होत नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"डॉक्टर साब, ये हिस्सा ही बदल दो. कबाड़ी से मँगवा देता हूँ."

"कितने दिन?"

"पुरानी गाड़ी है. बीस-पच्चीस दिन मान लो."

"नहीं," नलूताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, रामअवतारजींना कळू नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाल्या, "वीस दिवस फेरी बंद राहिली न सुजाता, तर बस्सी पण जाईन यांच्या डोक्यातून. यांचं गेलेलं परत येत नाही. मी पाहून राहिले न तीन-चार वर्षांपासून. एवढी एकच गोष्ट उरली आहे, तिच्यात मी आहे."

ड्रिल मारायला त्यांनी मनाई केली. बोल्ट पोलादाचा, भोवतीचं अंग ॲल्युमिनियमचं. ड्रिल जरा तिरकं गेलं तर आटे संपले, मग खरोखरच भंगार. रामअवतारजींनी दुसरा उपाय काढला. त्या तुकड्यावर एक नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना एकजीव करायचं, आणि मग नटाला पाना लावून फिरवायचं. "मैंने सैकड़ों निकाले हैं," ते म्हणाले. नलूताई म्हणाल्या, "मैंने भी सैकड़ों को सुलाया है. जल्दी नहीं करेंगे." आणि एक दिवस रामअवतारजींना मशीनला हातच लावू दिला नाही.

तो दिवस त्यांनी बोल्टला दिला. थेंब थेंब तेल, छोट्या हातोडीची टकटक, मग स्टुलावर बसून वाट पाहायची. संध्याकाळी पाचला काका गाडीत जाऊन बसले आणि नलूताई स्टिअरिंगसमोर. गाडी पोर्चमध्ये उभी, बॉनेट उघडं. "मॅडम, निघत का नाही?" काकांनी विचारलं. नलूताई म्हणाल्या, "रस्ता बंद आहे साहेब, उघडला की निघू." अंधार पडेपर्यंत दोघं बसून होते. काका जेवले नाहीत. बायको आल्याशिवाय कसं जेवणार, म्हणाले.

शनिवारी माझी सुट्टी होती. रामअवतारजी टेम्पोतून वेल्डिंग मशीन घेऊन आले. बॅटरीच्या तारा सोडल्या, रबरी नळ्यांवर ओलं फडकं टाकलं. काका इस्त्रीच्या शर्टात दुपारपासूनच पोर्चच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी हिरवी टोपी आणि उलटा शर्ट पाहून ते गप्प झाले होते. ऑपरेशन चालू असताना बाहेर थांबायची त्यांना सवय होती.

पहिला नट चिकटला आणि पाना लावताच उखडून आला. दुसराही आला. रामअवतारजींचा पारा चढला. ते म्हणाले तापलेला असतानाच जोर लावायला हवा, डॉक्टर साब थांबवतात म्हणून वेल्ड सुटतो.  नलूताईंनी तुकड्याचा माथा ब्रशने घासून लख्ख केला, स्वतःच्या ओढणीने पुसला आणि म्हणाल्या, "एक बार और, भैयाजी. इस बार थोड़ा देर तक पकड़ना." रामअवतारजी पुटपुटत पुन्हा बसले. ठिणग्या उडाल्या. गल्लीतल्या घरांतले पंखे मंदावले आणि समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

मग नलूताईंनी कुणालाही हात लावू दिला नाही. लालबुंद नट काळा होईपर्यंत त्या बघत राहिल्या. काळा झाल्यावर मेणबत्तीचं टोक त्याच्या बुडाशी धरलं. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. "आता जाग येऊ द्या त्याले," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे. मग पाना लावला, आणि बोल्ट सोडवायच्या ऐवजी किंचित आवळला.

"उल्टा, डॉक्टर साब, उल्टा," रामअवतारजी न राहवून म्हणाले.

"मालूम है. थोडं त्याचंही ऐकावं लागते." अर्धं हिंदी, अर्धं मराठी. केसभर आवळला, केसभर सोडला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. त्यांच्या मनगटाची शीर तेवढी हलत होती.  आणि मग आतून एक बारीक कुरकुर ऐकू आली, दार करकरावं तशी. रामअवतारजींनी डोळे मिटून घेतले. नलूताई तशाच बोलत राहिल्या, "हो, हो, झालंच. ये बाहेर. शहाणा तो." बोल्ट फिरला. गंजाची लाल पूड पडत पडत, आट्यांसकट, सबंध बाहेर आला.

रामअवतारजी म्हणाले, "मैंने कहा था, वेल्डिंग से निकलेगा." नलूताई म्हणाल्या, "आपने ही निकाला." त्या वेळी मला त्या बाईंचं इतकं कौतुक वाटलं की मी त्यांना मिठीच मारली. माझी सांगलीला परत बदली झाल्याचा कागद आठवडाभर पर्समध्ये होता आणि तो त्यांना दाखवायचं धैर्य मला होत नव्हतं. पण तेव्हा तो विषय काढायला वेळच नव्हता. नवा थर्मोस्टॅट बसवून, झाकण लावून, पाणी भरून होईपर्यंत पाच कधीच वाजून गेले होते. काका खुर्चीवरून उठले होते.

"हात धुऊन घ्या तरी," मी म्हटलं.

"राहू दे, चल. पाण्याचा कॅन घे मागे, तापली तर लागन." त्यांनी टोपी आणि शर्ट काढून फेकला आणि स्टिअरिंगवर बसल्या.

मी त्यांच्याबरोबर बस्सीला गेले ती शेवटची. कानोत्यापर्यंत आम्ही तिघंही तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. काका का बघत होते देव जाणे. या वेळी ते मॅडमशी बायकोबद्दल काही बोलले नाहीत.  एक दिवस टॅक्सीचा आणि एक दिवस पोर्चमधला, एवढाच खंड पडला होता, पण तेवढ्यात काय पुसलं गेलं असेल याचा अंदाज आमच्यापैकी कुणालाच नव्हता. फाटकापाशी त्यांनी गाडी लावली, बॅग काढली. आत गेल्या. मला वाटलं, आज जरा जास्तच वेळ लावताहेत. मग त्या बाहेर आल्या, आणि नेहमीसारख्या भरभर नाही, हळूहळू चालत आल्या. दार उघडून आत बसल्या, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. काकांकडे पाहिलं नाही.

काका त्यांच्या हातांकडे बघत होते. कोपरापर्यंत काजळी, नखांत गंज, एका बोटाला भाजल्याचा फोड.

"आज फार उशीर झाला," काका म्हणाले. "अवघड केस होती?"

"हो," नलूताई म्हणाल्या.

"वाचला?"

"वाचला."

"हात धुवायलासुद्धा वेळ दिला नाही तुला लोकांनी, नलू." काकांनी खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला, त्यांचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट पुसायला लागले. नलूताईंनी गाडी सुरू केली नाही. मी मागच्या सीटवर पाण्याचा कॅन धरून बसून राहिले.